डोळा लाल झाला की आधी घड्याळ बघा

मंडळी, या शनिवारी कोड नाही, गॅजेट नाही, सिनेमाही नाही. आज डोळ्यांबद्दल लिहायचंय आणि जरा तावातावाने लिहायचंय. मी डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला आहे. पण आज ज्याबद्दल भांडणार आहे ते कळायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. एक घड्याळ आणि परभणी जिल्ह्याचा एक नकाशा, एवढं पुरतं.

विषय आहे कॉन्टॅक्ट लेन्समुळे बुबुळाला होणारी इजा आणि त्यातून बरं होणं. यावर आपल्याकडे दोनच प्रकारचं लिखाण सापडतं. एक म्हणजे 'लेन्सची काळजी कशी घ्याल : दहा टिप्स'. दुसरं म्हणजे 'फॅशनच्या नादात डोळे गमावले'. पहिल्यात इजा झाल्यावर काय करायचं हे शेवटच्या ओळीत उरकलेलं असतं, 'त्रास झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढंच. दुसऱ्यात डॉक्टरांचा पत्ताच नसतो, फक्त उपदेश. माझं म्हणणं साधं आहे. लेन्सची इजा वेळेत दाखवली तर बहुतेक वेळा डोळा वाचतो. नंतरचे दोन दिवस आपण सगळे मिळून ज्या पद्धतीने वाया घालवतो, त्याने नजर जाते. आणि 'आपण सगळे' यात नातेवाईक आले, मेडिकलवाला आला, बॉस आला, अगदी लग्नाच्या बायोडाट्यातला तो एक रकानासुद्धा आला.

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, आधीच सांगतो. पण यातली एखादी तरी पायरी तुम्हाला परकी वाटली तर कळवा.

हिंजवडीत नोकरी करणारी, मूळची मानवतची मुलगी. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट वाकडला, तिथून रात्रीची ट्रॅव्हल्स. लेन्स सकाळी आठपासून डोळ्यात. बसमध्ये दिवे बंद, गाडी हलतेय, हात धुवायला पाणी नाही, म्हणून लेन्स तशाच ठेवून झोपली. शनिवारी सकाळी परभणीला उतरली तेव्हा उजव्या डोळ्यात कचरा गेल्यासारखं टोचत होतं. घरी गेली. मामेबहिणीची हळद. सोल्यूशनची बाटली पुण्यातच राहिली, म्हणून लेन्स टाकीच्या पाण्याने धुऊन परत घातली, कारण फोटो काढायचे होते. संध्याकाळी डोळा लालबुंद, पाणी थांबेना. मावशी म्हणाली, "डोळे आले वाटतं गं." आजी म्हणाली, "नजर लागली असंल." मामेभाऊ गाडीवर जाऊन मेडिकलमधून ड्रॉप घेऊन आला. "काका, डोळा लाल झालाय, काहीतरी द्या." "डोळे आले असतील. हे दिवसातून चारदा टाकायला सांग, दोन दिवसांत उतरंल." आणि खरंच, रविवारी सकाळी लाली जरा कमी झाली! सगळे खूश. दुपारी लग्न लागलं. रात्री उजेड सहन होईना, पापणी सुजली, पण रविवार... सगळे दवाखाने बंद. सोमवारी सकाळी परभणी गाठून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं तर बुबुळावर पांढरा ठिपका. डॉक्टर म्हणाले, हे माझ्याकडे ठेवू नका, कॉर्नियावाल्यांना दाखवा.

शनिवार सकाळ सहा ते सोमवार सकाळ दहा. मोजा. ५२ तास.

आता या ५२ तासांत आत काय चाललं होतं ते बघू. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. मध्यभागी जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. वरचं आवरण त्याच्याही दहाव्या भागाइतकं, पाच-सहा पेशींचे थर. या काचेत रक्तवाहिन्या नाहीत, असत्या तर काच पारदर्शक राहिली नसती. म्हणून तिला प्राणवायू मुख्यतः थेट हवेतून घ्यावा लागतो. लेन्स घालून डोळे मिटले म्हणजे खिडकीही बंद आणि वर पडदाही ओढलेला. पेशी कमजोर होतात, लेन्सखाली अश्रू खेळत नाहीत, एखादा ओरखडा पडतो. नुसता ओरखडा असेल तर शरीर तो एक ते तीन दिवसांत भरून काढतं, इतकी ही काच जिवट आहे. पण ओरखड्यावर जंतू बसले तर गोष्ट बदलते. लेन्सवाल्यांचा ठरलेला शत्रू म्हणजे सूडोमोनास हा जीवाणू. ओलसर डबी, जुनं सोल्यूशन, नळाचं पाणी, सगळीकडे तो मजेत राहतो, आणि एकदा कॉर्नियात घुसला की दिवसा-दोन दिवसांत काच वितळवू शकतो. आपलं ५२ तासांचं गणित त्याला भरपूर आहे.

'वेळ महत्त्वाचा' हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालंय की त्याचा आकडा बघायला हवा. नेपाळमध्ये भक्तपूरला गावातल्या आरोग्यसेवकांनी बुबुळावरचे ओरखडे लवकर शोधून त्यावर अँटिबायोटिक मलम लावण्याचा एक अभ्यास केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी एकालाही जखम चिघळून अल्सर झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना. शून्य, मग शंभरात चारच्या आसपास, मग शंभरात जवळपास एकोणतीस! प्रामाणिकपणे हेही सांगतो की पुढे नेपाळमध्येच अशा गावपातळीवरच्या योजनेची मोठी तुलनात्मक चाचणी झाली, तेव्हा एकूण अल्सरच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे मलम वाटलं की काम झालं असं नाही. शिवाय त्या इजा बहुतांश शेतीकामातल्या होत्या, लेन्सच्या नव्हेत, आणि ते मलम सूडोमोनासवर चालणारं नाही. तेव्हा कृपा करून मलमाचं नाव शोधत बसू नका. मी तिथून फक्त घड्याळ उचलतोय.

आता त्या ५२ तासांचे मानकरी एकेक करून घेऊ.

पहिला मानकरी : 'डोळे आले'. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता महाराष्ट्रभर लाखो लोकांचे डोळे आले. त्या साथीने आपल्याला एक वाईट सवय लावली, लाल डोळा म्हणजे साथ, साथ म्हणजे आपोआप बरी होणारी. साथीत बहुधा दोन्ही डोळे लाल होतात, चिकटतात, चुरचुरतात, पण नजर बऱ्यापैकी असते. कॉर्नियाच्या इजेत बहुधा एकच डोळा, खरं दुखणं, उजेडाकडे बघवत नाही, धूसर दिसतं. हा फरक मावशीला माहीत नसणं मी समजू शकतो. पण लेन्स वापरणाऱ्याला तो माहीत नसणं म्हणजे गाडी चालवणाऱ्याला ब्रेक कुठे आहे ते माहीत नसणं. नियम एकच, पाठ करा : लेन्स वापरणाऱ्याचे 'डोळे येत' नाहीत. डॉक्टरांनी दिव्याखाली बघून सांगेपर्यंत तो कॉर्नियाच समजायचा.

दुसरा मानकरी : मेडिकलवाला आणि त्याचे जादूचे ड्रॉप. लाली एका रात्रीत उतरवणाऱ्या पुष्कळ ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड जंतू मारत नाही, शरीराची लढाई थांबवतं. लढाई थांबली की लाली उतरते, दुखणं कमी होतं, आणि आत बुरशी असेल तर तिला रान मोकळं. आमच्या भाषेत सांगायचं तर अलार्म वाजतोय म्हणून सर्व्हरचं मॉनिटरिंगच बंद केलं आणि वर मेल टाकला, 'इश्यू रिझॉल्व्ह्ड'. हे ड्रॉप शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. कायदा आहे, बाटलीवर छापलेलं आहे, आणि तरी विक्री भाजीसारखी चालते. परभणी, जिंतूर, गंगाखेड सोडा, पुण्यात तरी कुठे कोण चिठ्ठी मागतो? आणि दुखणं थांबवायला बधिर करणारे ड्रॉप मिळतात तेही तसलेच. डॉक्टर तपासताना एक थेंब टाकतात ते वेगळं. घरी टाकत बसलात तर जखम भरणंच थांबतं.

बुरशीचा उल्लेख केला म्हणून जरा थांबतो, कारण हे परभणीकरांच्या जिव्हाळ्याचं आहे. तुरीवर, हरभऱ्यावर मर रोग येतो ना, तो आणणारी बुरशी फ्युजेरियम कुळातली. कृषी विद्यापीठ असलेल्या गावात हे नाव सांगावं लागू नये. याच कुळातल्या बुरशा माणसाच्या कॉर्नियातही घुसतात. आपल्याकडे ज्वारीचं पान लागून, कापणीत काडी लागून शेतकऱ्यांचे डोळे जातात, त्यामागे बहुतेक वेळा फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस असते. आणि २००६ मध्ये हीच फ्युजेरियम अमेरिकेतल्या लेन्सवाल्यांच्या डोळ्यांत निघाली. १६४ रुग्णांची खात्री झाली, त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना बुबुळ बदलावं लागलं. धागा जाऊन पोहोचला बॉश अँड लॉम्बच्या 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' या सोल्यूशनपर्यंत, आणि मे २००६ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. पुढच्याच वर्षी अमीबाच्या संसर्गावरून दुसऱ्या एका कंपनीचं सोल्यूशन मागे घ्यावं लागलं. लक्षात घ्या, या लोकांनी टाकीचं पाणी वापरलं नव्हतं. नावाजलेल्या कंपनीची, दुकानातून पैसे मोजून घेतलेली बाटली वापरली होती. 'नीट वापरलं तर काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी हे २००६ साल विसरू नये.

पाण्याचं म्हणाल तर मराठवाड्यात नळाला रोज पाणी येणारं शहर शोधावं लागतं. येईल त्या दिवशी भरून ठेवायचं, गच्चीवरच्या टाकीत, हौदात, ड्रममध्ये. अकॅन्थमीबा नावाच्या अमीबाला अशीच साठवलेली जागा आवडते. तो कवच धारण करतो तेव्हा क्लोरीनलाही दाद देत नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांच्या डोळ्यातला अमीबा आणि त्यांच्या घरच्या नळातला अमीबा एकच निघाला होता, आणि बोट गेलं ते छतावरच्या टाक्यांकडे. जिथे टाकी असणं ही आपत्कालीन नाही तर रोजची सोय आहे, तिथे हे किती लागू आहे ते तुम्हीच ठरवा. जारचं पाणी, आरओचं पाणी पिण्याइतकं स्वच्छ असतं, लेन्स धुण्याइतकं निर्जंतुक नसतं. मिठाचं घरगुती पाणीही नाही. तो प्रयोग अमेरिकेतल्या लोकांनी १९८० च्या दशकात करून पाहिलाय आणि त्याची किंमत मोजलीय.

तिसरा मानकरी, आणि माझा खरा राग याच्यावर आहे : 'कशाला पाहिजे होती ती हौस?' डोळा दुखतोय, मुलगी अंधाऱ्या खोलीत पडून आहे, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण हे वाक्य टाकून जातो. का हो काका? तुमच्याच मुलासाठी मुलगी बघताना बायोडाट्यात 'चष्मा : आहे / नाही' हा रकाना कोणी ठेवला? फोटो पाठवताना 'चष्मा काढून पाठवा' कोणी सांगितलं? कांदेपोह्याच्या दिवशी चष्मा कपाटात ठेवायला लावणारी आणि बुबुळाला इजा झाल्यावर 'हौस' म्हणणारी तोंडं एकच आहेत. आणि मुलांनो, हसू नका. हेल्मेटखाली, मास्कवर, क्रिकेट खेळताना चष्मा नको म्हणून तुम्हीही लेन्स घालताच. फरक इतकाच की तुमच्या लेन्सला 'सोय' म्हणतात, तिच्या लेन्सला 'फॅशन'.

हे वाक्य नुसतं असभ्य असतं तर सोडून दिलं असतं. ते घातक आहे. ज्याला माहीत आहे की सांगितलं तर बोलणी बसणार, तो उशिरा सांगतो. आमच्या धंद्यात प्रॉडक्शन पडलं की 'कोणी पाडलं' आधी विचारणाऱ्या टीममध्ये लोक चुका लपवतात आणि पाच मिनिटांचा बिघाड पाच तासांचा होतो, म्हणून शहाण्या कंपन्यांनी दोष न देता चौकशी करायची पद्धत आणली. घरात मात्र आपण अजून 'कोणी पाडलं'वरच आहोत. लेन्स घालून झोपले, पाण्याने धुतली, हे डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला कळायला हवं, कारण त्यावरून ते जंतूचा अंदाज बांधतात. सोबत मामा उभा असेल तर ती हे सांगेल का?

चौथा मानकरी : काम. जुलै २०२४ मध्ये टीव्ही अभिनेत्री जस्मिन भसीन दिल्लीतल्या एका कार्यक्रमासाठी लेन्स घातल्यावर डोळे दुखू लागले, दुखणं वाढतच गेलं, पण कामाचं वचन म्हणून काळा चष्मा लावून तिने कार्यक्रम पूर्ण केला आणि रात्री डॉक्टर गाठला. कॉर्नियाला इजा झालेली. लेन्समध्ये काय बिघडलं होतं हे आपल्याला ठाऊक नाही असं तिने स्वतःच सांगितलं. मी तिला दोष देत नाहीये, उलट तिच्यामुळे हा विषय चार लोकांना कळला. पण 'आधी काम, मग डॉक्टर' हा क्रम ओळखीचा वाटतो ना? आपल्याकडे त्याला कमिटमेंट म्हणतात आणि अप्रेझलमध्ये मार्क देतात.

आणि इजेनंतरचं काय? बरं होणं म्हणजे काय असतं याची ऑफिसला कल्पनाच नाही. कॉर्नियाचा अल्सर झाला की आधी त्या जागेचा खरवडा घेऊन तपासायला पाठवतात. मग ड्रॉप सुरू होतात, दर तासाला एक. रात्रीसुद्धा. पहिले दोन दिवस कुणीतरी गजर लावून उठून थेंब टाकायचा, टाकणाऱ्याचीही झोप गेली. जीवाणू असेल तर काही आठवडे. बुरशी असेल तर त्याहून जास्त. अमीबा असेल तर महिनोन्महिने. दिवे नको वाटतात, स्क्रीन नको वाटते, गाडी चालवता येत नाही, आणि दुसरा डोळा ठणठणीत असला तरी त्यालाही उजेडाचा त्रास होतो, कारण दोघे जोडीने काम करतात. अशा माणसाला 'अरे मग वर्क फ्रॉम होम कर ना' म्हणणारा मॅनेजर म्हणजे पाय मोडलेल्याला 'घरातल्या घरात धाव' म्हणणारा. शिवाय बहुतेक कंपन्यांचा मेडिक्लेम ओपीडीला हात लावत नाही, आणि हा आजार मुख्यतः ओपीडीत आणि ड्रॉपच्या बाटल्यांतच बरा होतो. जखम भरली तरी कधी डाग राहतो, ज्याला आपल्याकडे फूल पडलं म्हणतात. फूल मधोमध असेल तर चष्मा काही करू शकत नाही. आणि नुसता ओरखडा होता, बरा झाला, असं वाटूनही काही जणांना महिन्यांनी एका सकाळी डोळा उघडताना तीच कळ परत येते, कारण नवं आवरण खाली नीट चिकटलेलं नसतं. म्हणून 'लाली गेली, ड्रॉप बंद' हे आपल्या मनाने करायचं नसतं. तारखेला परत दाखवायचं असतं.

आता आक्षेप. 'मग लेन्सच बंद करा, चष्मा काय वाईट आहे?' वाईट काहीच नाही. पण आकडे बघा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत, फक्त दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या १०,००० लोकांमागे वर्षाला साधारण २ जणांना कॉर्नियाचा संसर्ग झाला. लेन्स घालून झोपणाऱ्यांत तो आकडा २० ते २५ होता, भारीतल्या, जास्त प्राणवायू सोडणाऱ्या लेन्स असूनसुद्धा! म्हणजे धोका आहे तो मुख्यतः झोपेचा आणि पाण्याचा. ओटो विख्तरले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनो छाप सेटचं यंत्र जोडून पहिल्या मऊ लेन्स ओतल्या. मला हा माणूस ग्रेट वाटतो. उणे आठ नंबरच्या माणसाला लेन्सने जे जग दिसतं ते जाड काचेतून दिसत नाही, आणि ज्यांच्या कॉर्नियाचा आकारच बिघडलाय त्यांना तर अनेकदा लेन्सशिवाय नीट दिसतच नाही. तेव्हा भांडण लेन्सशी नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : 'अरे बाबा, रविवारी संध्याकाळी मानवतला, सोनपेठला, पालमला कॉर्नियाचा डॉक्टर कुठून आणायचा? मेडिकलवाला निदान दार तरी उघडतो.' मान्य. हे खरं आहे म्हणूनच मी चिडलोय. परभणीहून छत्रपती संभाजीनगर दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्रालय तर एका रात्रीच्या रेल्वेवर, आणि परभणीतून देवगिरी एक्स्प्रेसने हैदराबादकडे जाणाऱ्यांत दवाखान्याच्या फायली घेऊन बसलेली माणसं काही नवी नाहीत. पण पहिल्या दिवशी कॉर्निया स्पेशालिस्ट लागतच नाही! पहिल्या दिवशी लागतो तो फ्लुओरेसिन नावाच्या रंगाचा एक कागदी तुकडा, निळा दिवा, आणि बघणारा माणूस. रंग टाकला की ओरखडा हिरवा चमकतो. भक्तपूरमध्ये हे काम गावातल्या सेवकांनी केलं. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी हे पदच आहे. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जालन्याला श्री गणपती नेत्रालय आहे. म्हणजे साखळीचे दुवे आहेत, पण तालुक्याच्या गावात रविवारी तो कागदी तुकडा लावून बघायला कोणी बसलेलं नाही. मागायचं असेल तर आपण हे मागितलं पाहिजे. मोतीबिंदूच्या शिबिराचे फ्लेक्स लागतात, आनंद आहे. बुबुळाच्या जखमेसाठी एक फोन नंबर लागला तर लेन्सवाल्या इंजिनिअरपेक्षा कापणीला गेलेल्या मजुराचे डोळे जास्त वाचतील. आपण लेन्सवाले बोलू शकतो, लिहू शकतो, माहितीचा अधिकार वापरू शकतो. त्या मजुराच्या वतीनेही बोलायला हरकत नसावी. जखम एकच आहे, बुरशीही एकच आहे.

औषधाचंही असंच. अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुरशीच्या अल्सरवर जुनं नाटामायसिन हे नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, फ्युजेरियमवर तर विशेषच. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. स्टेरॉइडची बाटली प्रत्येक तालुक्याच्या दुकानात सापडते. नाटामायसिनची किती ठिकाणी सापडते ते सुट्टीत गावी गेलात की सहज विचारून बघा.

तर आता प्रत्यक्ष करायचं काय? थोडक्यात सांगतो.

टोचलं, लाल झालं, धूसर दिसलं : लेन्स काढा. लगेच. दुसऱ्या डोळ्यातलीही काढा. परत घालून 'बघू जरा' करू नका. लेन्स आणि डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या, त्यातूनही जंतू सापडू शकतो. डोळा चोळू नका, घरी आपल्या मनाने पट्टी बांधू नका, झाकलेल्या उबेत जंतूंचं फावतं. दूध, मध, तूप, गुलाबपाणी, एरंडेल यांपैकी काहीही नको, आजीवर कितीही प्रेम असलं तरी. मेडिकलमधून काहीही आणू नका. वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. 'मी लेन्स वापरतो, लेन्स घालून झोपलो होतो' हे पहिलं वाक्य. रात्रीच्या बसमध्ये चढण्याआधी लेन्स काढा, आणि त्यासाठी चालू नंबरचा चष्मा बॅगेत हवा. अनेक लेन्सवाल्यांकडे तो नसतोच, कॉलेजातला जुना असतो. ही एक वस्तू नसल्यामुळे लोक दुखऱ्या डोळ्यात लेन्स ठेवतात, दुसरं कारण नाही.

आणि जे लेन्स वापरत नाहीत त्यांच्यासाठी : घरात कोणाचा डोळा लाल झाला तर प्रश्न दोनच विचारा. 'लेन्स घालतेस का?' आणि 'कधीपासून दुखतंय?' तिसरा प्रश्न, 'कशाला घातली', गिळून टाका. गाडी काढा.

आपल्याकडे म्हणतात, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. नशीब आजमावायला निघालेल्या माणसासाठी ही म्हण झकास आहे. डोळ्याच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या काचेला 'बघू सोमवारी' परवडत नाही.

असो. पुढच्या आठवड्यात परत कोडकडे वळू. तोवर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.